चेरोकींचे ‘स्थलांतर’ की ‘हद्दपारी’?

प्रश्न : १८३८-३९ मध्ये अमेरिकेतल्या मूळनिवासी चेरोकी लोकांना त्यांच्या मुलखातून बाहेर काढले गेले. शाळेच्या अंकातल्या लेखात याला ‘स्थलांतर’ म्हणावे, ‘हद्दपारी’ की ‘विस्थापन’?

उत्तर : ‘स्थलांतर’ तर नकोच. स्थलांतर पक्षी करतात, ऊसतोड मजूर करतात. तिथे जाणारा आपल्या पायाने निघतो, कारण पोटाचे का असेना. मे १८३८ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉटचे सैनिक चेरोकींच्या दारात उभे राहिले. कुणाला शेतातून, कुणाला भरल्या ताटावरून उठवून संगिनीच्या धाकाने छावण्यांत कोंडले. माणसे वळणाआड जातात न जातात तोच लुटारू घरात शिरत. छावण्यांतून चेरोकींना मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात नेले. सुमारे १६,००० जणांपैकी अंदाजे ४,००० छावण्यांत आणि वाटेत दगावले.

‘हद्दपारी’त सक्ती आहे, पण तिच्यामागे गुन्हा गृहीत असतो. चेरोकींचा गुन्हा कोणता? त्यांची जमीन सुपीक होती आणि त्यांच्या मुलखातल्या जॉर्जियाच्या भागात सोने सापडले होते, एवढाच.

‘सक्तीचे विस्थापन’ मथळ्याला चालेल. मजकुरात मात्र ‘चेरोकी विस्थापित झाले’ असे लिहिले की करणारा गडप होतो. ‘करारानुसार गेले’ हे तर त्याहून वाईट. जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या, डिसेंबर १८३५ च्या न्यू एकोटा करारावर मूठभर चेरोकींनीच सह्या केल्या होत्या. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांचा त्याला ठाम विरोध होता. हजारो चेरोकींच्या सह्यांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला पोचला, तरी अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहाने करार मंजूर केला; एक मत जरी कमी पडले असते तरी आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत हुकले असते.

म्हणून मी लिहीन : ‘अमेरिकी सरकारने चेरोकींना देशोधडीला लावले.’ हा आपला जुना, खणखणीत प्रयोग. ‘लावले’ म्हटले की लावणारा सांगावाच लागतो. मात्र तो त्या घटनेपुरताच ठेवा. कारण चेरोकी कायमचे उद्ध्वस्त झाले नाहीत; १८३९ मध्येच त्यांनी ओक्लाहोमातल्या टालेक्वाला नवी राजधानी वसवली होती.

त्या प्रवासाला ‘अश्रूंची वाट’ म्हणा. चेरोकी भाषेतल्या नावाचा अर्थही ‘जिथे ते रडले ती वाट’ असाच आहे. ‘पायवाट’ नको, कारण काही तुकड्या नदीतून बोटींनी नेल्या होत्या आणि खुष्कीचे मार्गही अनेक होते.

आणि ‘सगळे चेरोकी’ असे कुठेही लिहू नका. काहीजण उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत टिकून राहिले, त्यांचे वंशज आजही तिथेच राहतात.