एक्का-राजा हातात आला की

अगं,

पोकरमध्ये एक्का-राजा घेऊन सगळं हरलीस तो तुझा मेसेज काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला, आणि शेवटी ते "माझं नशीबच फुटकं" लिहिलंयस ना ते आधी खोड बघू, कारण त्या डावात नशिबाने तुला उलट मदतच केली, रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, चक्क राजा आणून दिला, आणि तरी तू हरलीस. म्हणजे गडबड आधीच कुठेतरी झाली होती.

डाव एकदा परत मांडतो. तू बटनवर, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यांच्या शेवटी बोलायची जागा, हातात इस्पिकचा एक्का आणि बदाम राजा, सगळ्यांकडे साधारण १०० बिग ब्लाइंड (म्हणजे मोठ्या सक्तीच्या पैजेच्या १०० पट, पुढचे आकडे त्याच मापात). मधल्या पोझिशनवरून एकाने ३ चं रेज केलं (पैज वाढवली), तू नुसता कॉल केलास (तेवढेच घातलेस), मग स्मॉल ब्लाइंडलाही (छोटी सक्तीची पैज भरलेल्यालाही) वाटलं चला आपणपण जाऊ, आणि बिग ब्लाइंडला तर फक्त २ च अजून घालायचे होते, तो कशाला सोडतोय. चार जण, पॉट (मधे जमलेली रक्कम) १२. फ्लॉपला (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) चौकट नव्वी, चौकट अठ्ठी आणि किलवर चौकी, रेजवाल्याने ६ लावले, तू कॉल, बिग ब्लाइंडचाही कॉल. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक दुर्री आली, बिग ब्लाइंडने स्वतःहून १५ लावले, रेजवाला पळाला, आणि तू उरलेले ९१ सगळे ढकललेस, ऑल-इन. त्याने नव्वी-अठ्ठी दाखवली, दोन पेअर (जोड्या). मग रिव्हरला किलवर राजा आला, पण एका पेअरचं काय होणार तिथे.

तू सगळा हिशोब त्या टर्नच्या ऑल-इनचा मांडलायस, मला मात्र फ्लॉपच्या आधीचा तो कॉल खटकतोय. तू लिहिलंयस की "आधी बघू तरी काय पडतंय". अगं, फ्लॉपला एक्का किंवा राजा साधारण तीनातून एकदाच पडतो, बाकी दोन वेळा तुझ्या हातात नुसता एक्का-हाय (जोडी नाही, फक्त एक्का मोठा) असतो, आणि त्याला दुर्रीची जोडीसुद्धा हरवते. म्हणजे "बघू" म्हणून कॉल करणं म्हणजे तीनातल्या दोनदा सोडायच्या तयारीनेच आत जाणं, आणि वर मागच्यांना स्वस्तात आत यायला दार उघडं ठेवणं. तू तिथे ९-१० पर्यंत री-रेज (त्याच्या रेजवर परत रेज) केलं असतंस तर नव्वी-अठ्ठीवाला त्या डावात दिसलाच नसता, बहुतेक एकटा रेजवाला उरला असता, कदाचित तोही नाही. या हाताचा अर्धा पैसा फ्लॉपच्या आधीच मिळतो, समोरच्यांना पळवून किंवा कमी लोकांत मोठा पॉट करून. हे मला पटायला फार वर्षं लागली, मीपण आधी तुझ्यासारखाच जपून जपून खेळायचो.

री-रेजची भीती का वाटते तेही माहितीये मला, समोर एक्क्यांची किंवा राजांची जोडी असली तर काय. बरोबर आहे, राजांसमोर तुझे ३० टक्के, आणि एक्क्यांसमोर तर ७ च्या आसपास, म्हणजे जवळपास गेलंच. पण मोजून बघ. एक्क्यांची जोडी एरवी ६ प्रकारे बनते, त्यातला एक एक्का तुझ्या हातात असला की ३ च प्रकार उरतात, राजांचंही तेच. एकूण ६. आणि त्याच वेळी एक्का-राणी १२ प्रकारे, एक्का-गुलाम १२ प्रकारे, राजा-राणी १२ प्रकारे समोर असू शकतात, आणि लोक या हातांनी किती हौसेने कॉल करतात ते तू टेबलावर रोज बघतेस. एक्का-राणीसमोर तुझे जवळपास ७४ टक्के! राण्यांच्या जोडीसमोर ४३, म्हणजे थोडी मागे पण शर्यतीत आहेसच. हे सगळे टक्के ऑफसूटचे हं, म्हणजे दोन पत्ते वेगळ्या रंगांचे असतानाचे.

आता याचा अर्थ डोळे मिटून सगळं ढकलायचं असा लावू नकोस. पहिल्या पोझिशनवरून रात्रभर गप्प बसलेल्या माणसाने रेज केलं, तू री-रेज केलंस, आणि त्याने अजिबात विचार न करता परत वाढवलं, दोघांकडे २०० च्या वर स्टॅक (समोर असलेल्या चिप्स), तर टाक की पत्ते खाली, काही बिघडत नाही, कारण अशा माणसाकडे एक्का-राणी नसतेच, तुझं ते १२ प्रकारांचं गणित सगळं त्याच्यासारख्यांना सोडून बाकीच्यांसाठी आहे. टेबलावर समोर कोण बसलंय हे कुठला हात कसा खेळायचा त्या चार्टमध्ये नसतं.

टूर्नामेंटमध्ये स्टॅक २० वर आला असेल आणि तुझ्याआधी कुणी रेज केलं असेल तर मग फार डोकं लावू नकोस, सगळे आत. कारण ऑल-इन झालं की पाचही पत्ते तुला बघायला मिळतात, मधे कुणी घाबरवून बाहेर काढू शकत नाही, आणि पाच पत्त्यांत एक्का किंवा राजा यायची शक्यता जवळपास निम्मी होते. कॉल करून फ्लॉप बघितलास तर तीनच पत्ते, आणि नाही लागलं की बाहेर.

फ्लॉपनंतरचं थोडं सविस्तर सांगतो कारण खरी वाट तिथे लागते लोकांची. समज तू री-रेज केलंस, एकच जण उरला, आणि फ्लॉप आला राणी, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे. तुला काही लागलं नाही, पण त्यालाही बहुतेक वेळा लागलेलं नसतं. पॉटच्या एक तृतीयांश लाव. त्याने चारातून एकदा जरी फोल्ड केलं (पत्ते टाकले) तरी तो बेट स्वतःचे पैसे वसूल करतो, आणि नाही केलं तरी तुझे सहा पत्ते अजून बाकी आहेत, तीन एक्के तीन राजे, टर्न आणि रिव्हर मिळून साधारण २४ टक्के. टर्नला काही आलं नाही आणि तो अजून चिकटून बसलाय तर थांब, चेक कर (काही न लावता पुढे जा), हात सोड. एकदा प्रयत्न झाला, पुरे.

आणि तुझा तो नव्वी-अठ्ठीचा फ्लॉप? चार जण, त्यात दोघं ब्लाइंडमधून स्वस्तात आलेले, ज्यांच्याकडे असलेच मधले लागोपाठचे पत्ते असतात. तिथे तू तुझे सहा पत्ते मोजलेस, पण चौकटचा एक्का आणि चौकटचा राजा आले असते तर बोर्डावर तीन चौकट झाले असते, म्हणजे तुला पेअर आणि कुणाला तरी फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते). चारच चांगले पत्ते उरले, आणि त्यातलाच एक रिव्हरला आला आणि तोही कमी पडला! रेजवाल्याने चार जणांत बेट लावला तेव्हाच पत्ते खाली जायला हवे होते, ३ चिप्सचा डाव होता तो, तू १०० चा केलास. टर्नला तर जो माणूस दोघांच्या तोंडावर स्वतःहून बेट लावतोय तो ९१ बघून पळणार आहे हे तुला कुणी सांगितलं? तुला राग आला होता, खरं सांग. एवढा चांगला हात आणि काहीच पडत नाही याचा राग. मला तो राग चांगला ओळखीचा आहे. दोन पत्त्यांच्या १३२६ प्रकारांतले फक्त १६ एक्का-राजा, म्हणजे ८३ डावांतून एकदा, खऱ्या टेबलावर तासाला जेमतेम २५-३० डाव होतात म्हणजे तीन तास वाट बघायची आणि मग तो नव्वी-अठ्ठीवर वाया जातो, तर सोडवत नाही हातातून.

याच्या उलटी चूक मी केलीये, तीही सांगतो. एक्का, सत्ती, तिर्री असा फ्लॉप, माझ्याकडे एक्का-राजा, स्टॅक मोठे. मी फ्लॉपला लावले, टर्नला लावले, रिव्हरला लावले, आणि समोरचे एक काका, जे संध्याकाळपासून कॉल सोडून काही बोललेच नव्हते, त्यांनी हळूच चिप्सचा ढीग पुढे सरकवला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो, हात अगदी स्थिर. तरी कॉल केला, कारण टॉप पेअर टॉप किकर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी आणि सोबतचा पत्ताही सगळ्यात मोठा), असं कसं सोडणार. सत्तीचा सेट, म्हणजे तीन सत्त्या. ते "सॉरी हं" म्हणाले पण, ते जास्त लागलं. एक पेअर ती एक पेअरच, तीन वेळा बेट लावून ती मोठी होत नाही, आणि छोट्या टेबलांवर रिव्हरला रेज करणारा माणूस फार क्वचित खोटं बोलत असतो.

पुढच्या आठवड्यात खेळशील तेव्हा एवढंच कर, एक्का-राजा आला की किती जण आत आले, तू शेवटी बोलणार होतीस की आधी, आणि तू रेज केलंस की कॉल, हे तीनच मुद्दे लिहून ठेव. जिंकलीस की हरलीस ते नाही लिहिलंस तरी चालेल. आणि बाजूला काढून ठेवलेत तेवढ्याच पैशांत खेळ, हे तू करतेसच म्हणून जास्त बोलत नाही.

तुझा,
म्हातारा पार्टनर

ता.क. सूटेडचं (दोन्ही पत्ते एकाच रंगाचे) विचारलं होतंस ते राहिलंच. १६ तले ४ सूटेड. फरक आहे पण तू समजतेस तेवढा नाही, साधारण ३ टक्के इकडेतिकडे. फ्लॉपलाच पूर्ण फ्लश यायला सरासरी ११९ फ्लॉप लागतात, त्यामुळे दोन्ही इस्पिक दिसले म्हणून कॉलच्या जागी उड्या मारू नकोस. फ्लॉपला दोन इस्पिक आले तर मात्र तो हात अजिबात सोडू नकोस, तिथे उलट तूच रेज कर, आणि मग मला कळव काय झालं ते.