हावडा ते धनबाद: संध्याकाळची कोलफिल्ड की सकाळची ब्लॅक डायमंड?

ताई, मुलाला धनबादच्या खाण अभियांत्रिकीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आधी त्याचं मनापासून अभिनंदन. तुम्ही विचारलंय की नागपूरहून गीतांजलीनं दुपारी हावड्याला उतरल्यावर त्याच संध्याकाळी कोलफिल्ड एक्सप्रेस धरावी, की रात्र तिथेच काढून सकाळी ब्लॅक डायमंडनं धनबाद गाठावं. मी वणीचा. खाण अभियांत्रिकी धनबादलाच शिकलो, त्यामुळे या दोन्ही रोजच्या गाड्यांत माझी चार वर्षं गेली. पहिल्या खेपेला ब्लॅक डायमंडनंच जा.

सोयीचं बघितलं तर कोलफिल्ड जुळते. ती पाचनंतर सुटते आणि रात्री दहाच्या आसपास धनबादला टेकते. पण अनोळखी गावात, सामानासकट, एवढ्या रात्री पहिल्यांदा उतरायचं कशाला? ब्लॅक डायमंड सकाळी सहानंतर निघते आणि दुपारच्या आत पोचवते. साधारण २६० किलोमीटरचं अंतर आहे. एक ध्यानात ठेवा, गीतांजली नव्या इमारतीत लागते आणि धनबादच्या गाड्या बहुतेक जुन्या इमारतीतून सुटतात. सामान घेऊन ते चालणं बरंच होतं.

खरं कारण मात्र वेगळंच आहे. पोरगा ज्या जमिनीचा अभ्यास करायला निघालाय, ती या गाडीच्या खिडकीतून उजेडी दिसते. त्याला डावीकडची खिडकी द्या. त्या अंगाला, रुळांपासून जरा लांब, दामोदर नदी आहे. बर्धमानपर्यंत नुसती भातशेती. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये जाल तेव्हा रोवणी चालू असेल, अगदी आपल्या भंडारा-गोंदियासारखी. पानागढ आलं की माती तांबडी होते आणि पुढे दुर्गापूरच्या चिमण्या सुरू होतात. नागपूरहून येताना वाटेत भिलाई लागेल ना, दुर्गापूर त्याच काळातलं. दोन्ही पोलाद कारखाने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतले, भिलाई रशियाच्या मदतीनं आणि दुर्गापूर ब्रिटनच्या.

मग अंडालचं यार्ड, कोळशाच्या वाघिणींच्या रांगाच रांगा. त्यानंतर राणीगंज. इथे त्याला जागं ठेवा. देशात कोळसा काढायला पहिली सुरुवात झाली ती याच पट्ट्यात, १७७४ साली. बोरीबंदर-ठाणे गाडी धावल्यावर दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८५५ मध्ये, हावड्याहून रूळ राणीगंजपर्यंत पोचले, तेही मुख्यतः कोळशासाठी. याच राणीगंजच्या महाबीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये पाणी घुसलं आणि कामगार खाली अडकले. जसवंतसिंग गिल हे अभियंते पोलादी कॅप्सूलमधून स्वतः खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर काढलं. गिल तुमच्या मुलाच्याच कॉलेजचे विद्यार्थी. मला हे पहिल्या वर्षी एका सीनिअरनं याच गाडीत सांगितलं होतं, अजून तसंच्या तसं आठवतं.

आसनसोलनंतर कुल्टी, बराकर. बराकर नदी ओलांडली की झारखंड. इतके लोखंडाचे कारखाने इथेच का जमले, हे त्याला विचारून बघा. आपल्या वणी-चंद्रपूरचा कोळसा औष्णिक केंद्रांत जाळायचा. धनबादजवळच्या झरियाच्या कोळशाचा कोक (कोळसा भाजून केलेलं कडक जळण) होतो आणि कोकशिवाय लोखंड गाळणारी झोतभट्टी चालत नाही. त्याच झरियात १९१६ पासून जमिनीखाली आग धुमसतेय. तिच्याच धोक्यापायी २०१७ मध्ये धनबाद-चंद्रपुरा रेल्वेमार्ग बंद केला होता, तो २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. (तिकीट काढताना जपा: ते चंद्रपुरा, आपलं चंद्रपूर नव्हे.)

आरक्षण सेकंड सीटिंगचं किंवा एसी चेअर कारचं करा. जनरल डब्यात दुर्गापूर-आसनसोलला नोकरीला जाणाऱ्या डेली पॅसेंजरांची गर्दी असते. माणसं फार चांगली आहेत. मी पहिल्यांदा ट्रंक घेऊन चढलो तेव्हा पत्ते खेळणाऱ्या चौघांनी डाव थांबवून मला जागा करून दिली आणि झालमुडीही (तिकडची मुरमुऱ्यांची भेळ) खायला घातली. पण आईबरोबर, एवढ्या सामानासह, आरक्षित डबाच बरा.

परतताना तुम्ही एकट्या असाल, तेव्हा मात्र कोलफिल्ड घ्या. ती पहाटे धनबादहून निघून साडेदहाच्या सुमारास हावड्याला येते आणि गीतांजली दुपारी दोनच्या आसपास सुटते, म्हणजे मुक्कामाची गरज नाही. वेळा बदलतात, निघण्याआधी एकदा पाहून घ्या. आणि मुलाला माझा निरोप द्या: वसतिगृहात विदर्भातली पोरं नक्की भेटतील, पहिल्या आठवड्यातच त्यांना शोध.