प्रार्थनेत ऐकायचं कसं?

प्रश्न : रात्री वावरातून आल्यावर प्रार्थना करतो, पण माझं मागणंच संपत नाही. बायको म्हणते, "देवाचं ऐकत नाही, तसं माझंही ऐकत नाही." काय करावं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी वेळ बदला. दिवसभर कापूस वेचलेलं शरीर शांत बसलं की पेंगतंच. पहाटेची 15 मिनिटं घ्या. बायबलमधली चार-पाचच वचनं मोठ्यानं, दोनदा वाचा. मनाला लागलेला एक शब्द धरून 5 मिनिटं गप्प बसा. मन बोंडअळीच्या फवारणीकडे धावेलच. चिडू नका, त्याच शब्दावर परत आणा. कानात आवाज येईल, ही अपेक्षा मात्र सोडा. बाळ शमुवेलालाही देवाची हाक तीनदा त्याला सांभाळणाऱ्या एली याजकाचीच वाटली (1 शमुवेल 3), ती ओळखायला म्हाताऱ्या एलीचीच मदत लागली. म्हणून मनात आलेलं सगळंच देवाचं समजू नका; वचनाशी ताडून पाहा, पाळकांशी बोला.

घरात चूक बहुधा एकच होते : बायको दुखणं सांगते आणि आपण मध्येच उपाय सांगतो, नाहीतर वचन ऐकवतो. तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या. मग "म्हणजे तुला असं वाटतं ना?" एवढंच विचारा, आणि उत्तराला थांबा.