इंदूरला राहून मराठी कथासंग्रह काढायचा आहे, पुण्या-मुंबईत ओळख नाही. प्रकाशकाकडे कसं जावं?

तुम्ही लिहिलंय की चौदा कथा तयार आहेत, प्रकाशनाच्या जगात ओळखीचं कुणी नाही, आणि एका प्रकाशकाने '४५,००० रुपये भरा, तीन महिन्यांत पुस्तक हातात देतो' असं कळवलंय. पैसे भरावेत का, हे तुम्ही अगदी शेवटी विचारलंय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीचं वाचायच्या आधीच तुम्ही ते भरून मोकळ्या व्हाल अशी मला धास्ती वाटते.

भरू नका. माझा पहिला संग्रह मी असाच पैसे देऊन काढला होता. खजुरी बाजारातल्या एका टायपिस्टकडून कथा टाइप करून घेतल्या. तो दिवसभर हिंदी अर्ज आणि प्रबंध टाइप करणारा, कृतिदेववर हात बसलेला. त्या फॉन्टमध्ये ळ असतो, पण त्याच्या बोटांना त्याची सवय नव्हती. मी चुका लाल पेनाने दाखवून दिल्या, त्यातल्या निम्म्या तशाच राहिल्या, आणि प्रकाशकाने ती फाइल आली तशी छापली. मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची प्रुफं, तपासायला माझ्याकडे आलीच नाहीत. ३०० प्रती चार खोक्यांतून ट्रान्सपोर्टने घरी आल्या. आईने पहिली प्रत देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. मी दुसरी उघडली, तर पहिल्याच कथेचं पहिलं वाक्य: 'संध्याकालची वेल होती.' आतल्या खोलीत जाऊन मी रडले. पुढे पुण्याला गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या चार दुकानांत ते पुस्तक मागून पाहिलं. कुणी नावही ऐकलं नव्हतं.

पुस्तक नाही खपलं तर आपले पैसे बुडतील, ही जोखीम जो घेतो तो प्रकाशक. छपाईचा खर्च आणि वर नफा लेखकाकडूनच मिळाला, की दुकानदारांकडे खेटे घालायचं कारण उरत नाही. उलट, स्वतःचे पैसे घालणारा प्रकाशक लेखकाला छापील किमतीच्या साधारण १० टक्के मानधन देतो. २५० रुपयांच्या पुस्तकाच्या १,००० प्रती विकल्या गेल्या तर तुमच्या हातात २५,००० येतील, आणि तेही एकदम नाही. एवढ्या व्यवहारासाठी आधीच ४५,००० मोजणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

एक मात्र न्यायाने सांगायला हवं. काही चांगले, लहान प्रकाशकही 'शंभरेक प्रती सवलतीत तुम्ही घ्या' म्हणतात. कथा आणि कविता खपायला अवघड असतात, त्यामुळे त्यांची अडचण खरी असते. प्रती तुम्हाला खरोखर लागणार असतील तर घ्यायला हरकत नाही. पण खर्चाच्या यादीत 'आयएसबीएन शुल्क', म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे पैसे, अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा. तो क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था विनामूल्य देते, लेखकाने स्वतः अर्ज केला तरीही.

आता ओळखीचं. २००१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या इंदूरला झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. मी पिशवीत माझं ते पुस्तक घालून ग्रंथप्रदर्शनात गेले. एका स्टॉलवर वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांना म्हटलं, मला दुसरा संग्रह तुमच्याकडून काढायचाय. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "आमची कुठली पुस्तकं वाचलीत तुम्ही, ताई?" मला एकही नाव सांगता आलं नाही. मग त्यांनी आपली सूची माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही वाचा, मग आपण बोलू." त्या सूचीत कथासंग्रह मोजून तीन होते. बाकी सगळं वैचारिक आणि चरित्रं. मी चुकीच्या दारात उभी होते आणि ते मला न दुखवता त्यांनी दाखवून दिलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते: कथा पाठवायच्या आधी प्रकाशक वाचा. मराठी ग्रंथालयात जा, गेल्या दहा वर्षांतले तुम्हाला मनापासून आवडलेले कथासंग्रह काढा आणि मुखपृष्ठामागचं श्रेयपान उघडा. प्रकाशक कोण, पहिली आवृत्ती कधीची, दुसरी निघाली का, हे वहीत उतरवा. ज्योत्स्ना प्रकाशन मुलांच्या पुस्तकांसाठी ओळखलं जातं, मेहता पब्लिशिंग हाऊसने अनुवाद फार मोठ्या प्रमाणावर काढले, मौज आणि पॉप्युलर यांची कथा-कवितेची परंपरा जुनी. प्रत्येक घराचा असा स्वभाव असतो. दहा-बारा पुस्तकं चाळलीत की तुमच्या कथा कुठे शोभतील अशी तीन-चार नावं आपोआप वर येतील.

आणि त्याच्याही आधी मासिकं, दिवाळी अंक. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या मराठी लेखकाचं नाव लोकांसमोर यायचा हा मोठा रस्ता आहे. तिथले संपादक इंदूरचं पाकीट आहे म्हणून बाजूला ठेवत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. दिवाळी अंकाचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, म्हणून कथा मे ते जुलैच्या दरम्यान पोहोचायला हवी. गणपतीत पाठवलेली कथा बहुतेक पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाते. एका अंकाला एकच कथा पाठवा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत ती दुसरीकडे देऊ नका.

माझ्या पहिल्या पाच कथा 'साभार परत' आल्या. सहावी आली ती दोन ओळींच्या चिठ्ठीसह: शेवटचं पान काढून टाकलंत तर घेऊ. मी दोन दिवस रागात होते, मग ते पान काढून वाचलं आणि कथा खरंच उभी राहिली. 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून पुनःपुन्हा लिहून घेत, असं सांगतात. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडलं, पण तसं वाचणारे संपादक आजही आहेत. पैसे भरून काढलेल्या पुस्तकाला हे वाचन मिळत नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त हळहळ वाटते. तुमच्या चौदांपैकी तीन-चार कथा अशा छापून आल्या की प्रकाशकाला लिहायच्या पत्रात सांगण्यासारखं काहीतरी असेल.

ते पत्र एका पानाचं असू द्या. संग्रहात कथा किती, शब्द साधारण किती, कशाबद्दल आहेत, कुठे छापून आल्या, आणि त्याच प्रकाशनाकडे का पाठवताय, एवढं पुरे. सोबत सगळं हस्तलिखित न देता दोन उत्तम कथा द्या, युनिकोडमध्ये टाइप केलेल्या. 'माझ्या मैत्रिणींना फार आवडल्या' हे लिहू नका. त्यांनी पूर्ण संहिता मागितली की मात्र ती एका वेळी एकाच ठिकाणी द्या, कारण ते ती बाहेरच्या जाणकार वाचकाकडे देतात आणि तो माणूस आपले आठ-दहा दिवस त्यात घालतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इंदूरकरांसाठी हा कळीचा मुद्दा आहे. माझ्या दुसऱ्या संग्रहातली, इंदूरच्या रामबागेतली आजी सुनेला विचारते, "काय करून राहिली गं?" प्रकाशकाच्या वाचकाने त्याखाली रेघ मारून 'अशुद्ध' लिहिलं होतं. मी सविस्तर पत्र लिहिलं की आमच्या घरांतून असंच बोलतात, पिढ्यानपिढ्या, आणि आजी पुणेरी बोलली तर ती आजीच राहणार नाही. त्यांनी मानलं. आता पहिल्याच पत्रात मी एक ओळ घालते: संवादांतली भाषा इंदूरच्या मराठी घरांतली आहे, मुद्दाम ठेवली आहे. पण निवेदनात नकळत शिरलेली हिंदी वेगळी, ती निर्दयपणे काढा. 'त्याची मदत केली' नाही, 'त्याला मदत केली'. 'मला छान लागलं' नाही, 'बरं वाटलं'. आपल्या कानाला हे खटकत नाही, म्हणून महाराष्ट्रात वाढलेल्या एखाद्या वाचकाकडून एकदा वाचून घ्या.

होकार आला की आनंदाच्या भरात सही करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देणं लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कायदा लेखकाच्या बाजूने आहे, पण 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ मान्य करून आपणच ते घालवून बसतो. छापील पुस्तकाचा हक्क द्या. अनुवाद, चित्रपट, श्राव्य पुस्तक हे वेगळं लिहून घ्या किंवा स्वतःकडे ठेवा. किती प्रतींची आवृत्ती, मानधन छापील किमतीवर की विक्रीतून आलेल्या रकमेवर, हिशेब वर्षातून कधी, आणि मुद्रितं तुम्ही तपासणार, ही चारही उत्तरं कागदावर हवीत. चौथ्यासाठी मी हट्ट धरते, का ते तुम्हाला कळलंच असेल. कथा चोरीला जाईल म्हणून नोंदणीच्या मागे धावायचीही गरज नाही, लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो.

मग वाट बघणं. तीन महिने काहीच कळत नाही, तेव्हा एक साधं स्मरणपत्र टाका. माझ्या दुसऱ्या संग्रहाला होकार यायला अकरा महिने लागले आणि पुस्तक हातात यायला आणखी वर्ष. त्या काळात तिसऱ्याच्या पाच कथा झाल्या.

त्या प्रकाशकाला आजच कळवा: 'मी पैसे भरणार नाही.' कारणं देत बसू नका. आणि तुमच्या प्रश्नात वाड्याच्या वाटणीवरच्या ज्या कथेचा उल्लेख आहे, ती आधी पाठवा. जून चालू आहे, अजून दीड महिना हातात आहे. टाइप दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर पाठवायच्या आधी फाइल छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन फक्त ळ साठी एकदा वाचा.