जुन्या कॅमेरा कंपन्यांचं आता काही खरं नाही का?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांचा निकॉनचा फिल्म कॅमेरा आणि ५० मिमीची मॅन्युअल लेन्स आहे. ती वापरता येईल अशी डिजिटल बॉडी घ्यायची इच्छा आहे. मुलगी म्हणते, ‘या कंपन्या कधीच मागे पडल्या, त्यापेक्षा चांगला फोन घ्या.’ तिचं बरोबर आहे का?
– एक वाचक

उत्तर : निम्मं बरोबर आहे. काही कंपन्यांचा कॅमेऱ्याचा धंदा खरंच संपला. कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनीअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार केला होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. पण कंपनीची कमाई रोल आणि कागदावर होती. तो धंदा आपल्याच हाताने कोण मोडणार? २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मला जास्त हळहळ वाटते ती मिनोल्टाची. २००६ मध्ये त्यांचा कॅमेऱ्याचा कारभार सोनीकडे गेला, आणि त्याच सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम मिररलेस (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेला, आत आरसा नसलेला कॅमेरा) आणून सगळ्यांना जागं केलं. निकॉन आणि कॅनन त्या वाटेवर आले थेट २०१८ मध्ये. हा उशीर त्यांना महागात पडला.

पण आल्यावर त्यांनी कसर भरून काढली. मी आयुष्यभर माणसांचे फोटो काढत आलोय. फिल्मवर एफ १.४ ला, म्हणजे लेन्स इतकी उघडी की अगदी पातळ थरच स्पष्ट येतो, फोकस डोळ्याऐवजी भुवईवर बसला, तर ते निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून भिंगाने पाहीपर्यंत कळायचं नाही. आजची बॉडी समोरच्याचा डोळा शोधते आणि तो मान वळवत असला तरी सोडत नाही. हे काम पाहून मला आजही मनापासून आनंद होतो.

या कंपन्या मागे आहेत त्या बटण दाबल्यानंतरच्या कामात. फोन एका क्लिकमध्ये बऱ्याच फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो आणि अंधारातला फोटोही स्वच्छ करून दाखवतो. कॅमेऱ्यात फोटो उत्तम येतो, पण तो फोनवर पाठवायचा म्हटलं की ॲप जोडा, कनेक्शन तुटलं की पुन्हा जोडा. मेन्यूंचं जंगल वेगळंच. एवढी काच घासणाऱ्या, एवढं बारीक यंत्रकाम करणाऱ्या लोकांनी हे असं सोडून द्यावं, याचा मला राग येतो. मुलीची तक्रार इथे शंभर टक्के रास्त आहे.

तुमच्या लेन्सचं मात्र छान जमेल. माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती कडी. निकॉनच्या जुन्या एफ माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, नव्या मिररलेस बॉडींच्या झेड माउंटपासून सेन्सरपर्यंतचं १६ मिमी. मधली ३०.५ मिमीची जागा ॲडॉप्टर भरून काढतो. फोकस हाताने करायचा असल्याने साधा ॲडॉप्टरही चालेल. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून पापणीच्या केसावर फोकस लावता येतो. फुल फ्रेम बॉडी घ्या, म्हणजे ५० मिमीची लेन्स फिल्मवर जेवढा भाग दाखवायची तेवढाच दाखवेल. पुढेमागे जुनी एएफ-डी लेन्स (फोकसची मोटर लेन्समध्ये नसून बॉडीत असते ती ऑटोफोकस लेन्स) घ्यावीशी वाटली तर एक लक्षात असू द्या : निकॉनच्या ॲडॉप्टरवर तिचा ऑटोफोकस चालत नाही.

पैसे मोजण्याआधी लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. बॉडीचं नंतर, आधी लेन्स दुरुस्तीला द्या.