स्टीलची भांडी एकावर एक रचली की त्याला शिल्प का म्हणायचं?

भांड्यांची शिल्पं करणाऱ्या सुबोध गुप्ता या कलाकाराबद्दल विचारताय ना, मलाही आधी हेच वाटायचं की हे तर भांड्यांचं दुकान झालं. पण माणूस बिहारमधल्या खगौलचा, जन्म १९६४ चा, आणि डबे, ताटं, बादल्या हे सगळं त्याच्या घरातलंच, म्हणजे मुद्दाम शोधून आणलेलं मटेरियल नाही. १९९७ मध्ये तर त्याने शेणाच्या गोवऱ्या रचून एक खोलीच उभी केली होती, नाव ठेवलं 'माय मदर अँड मी', मला भांड्यांपेक्षा ते काम जास्त आवडतं खरं सांगायचं तर. भांड्यांमध्ये 'व्हेरी हंग्री गॉड' बघा, २००६ चं, चकचकीत भांड्यांची अवाढव्य कवटी, आता ज्यात जेवण वाढतात त्याचीच कवटी केली की भूक आणि मरण एकदमच डोक्यात येतं, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २००८ च्या 'लाईन ऑफ कंट्रोल'मध्ये त्याच भांड्यांचा अणुस्फोटाचा ढग आहे, दिल्लीच्या किरण नादर म्युझियमकडे आहे तो. मात्र नंतरनंतर तेच ते स्टील बघून थोडा कंटाळाही येतो, आणि एवढ्या चकाचक ताटांत आपल्या रुखवताच्या भांड्यांवर असतं तसं कोरलेलं नाव शोधायची सवय काही जात नाही बुवा माझी.