सत्तेचाळीस म्हटलं की मुलं ७४ लिहितात. दशक-एकक खेळातून कसं शिकवावं?

दुसरीचा वर्ग, ४० मुलं, फळ्यावर द-ए ची घरं काढून झाली, तरी निम्मी मुलं उलटं लिहितात, असं तुम्ही म्हणता. त्यांचं फारसं चुकत नाही. कानावर आधी 'सत्ते' पडतं, मग 'चाळीस'. मूल ऐकलं तसं लिहितं. एकोणपन्नासला तर हमखास ५९. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं, ते हेच सोपं जावं म्हणून. गदारोळच जास्त झाला.)

म्हणून संख्यानामं थोडी मागे ठेवा, आधी काड्या. दोघांत ६० काड्या, ६ रबरबँड, एक फासा. आइस्क्रीमच्या काड्या उत्तम. खराट्याचे हीर तोडलेत तर टोकं घासून घ्या. एकाने फासा टाकायचा, दुसऱ्याने तेवढ्या काड्या उचलायच्या, मग अदलाबदल. सुट्या दहा झाल्या की लगेच गठ्ठा बांधायचा आणि डावीकडे ठेवायचा. जोडी शेजारी-शेजारीच बसवा. समोरासमोर बसली की एकाचं डावं दुसऱ्याचं उजवं होतं आणि सगळा खेळ फुकट जातो.

वेळ वाचवायला गठ्ठे स्वतः बांधून आणू नका. आयता गठ्ठा मुलाला 'एक वस्तू' वाटतो. मध्येच विचारा, "एकूण किती?" मूल गठ्ठा सोडून एकपासून मोजायला लागलं, तर त्याचा दहा अजून पक्का झालेला नाही. त्याला आणखी चार-पाच दिवस खेळू द्या. "दोन गठ्ठे वीस, एकवीस, बावीस" असं आलं की पुढे जा.

पुढे कार्डं: १० ते ९० ची ८ सेंमी रुंद, १ ते ९ ची ४ सेंमी. ४० मधल्या शून्यावर ७ ठेवला की ४७. उचलला की खाली ४० तसाच. ४०७ लिहिणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. आता "सत्तेचाळीस" म्हणा: आधी काड्या, मग कार्ड, शेवटी पाटी.

एकोणपन्नाससाठी पाच गठ्ठे मांडून "एक काडी द्या" म्हणा. गठ्ठा सोडावाच लागतो, उरतात चार गठ्ठे नऊ सुट्या. हातच्याच्या वजाबाकीची तयारी इथेच होते.

रबरबँड भराभर तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून ठेवा, त्या वर्षभर टिकतात.